रामलिंगच्या पेटीतला आवाज

श्रीपाल अकिवाटेचं शाहूपुरीतलं दुकान बघून नवा माणूस हमखास फसायचा. बाहेर पाटी 'रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्ती' अशी, आणि आत बघावं तर फळ्यांवर टीव्हीला जोडायचे जुने कॉम्प्युटर, पिवळी पडलेली बटणं, दात पडलेले कीबोर्ड, निम्मे उघडे, निम्मे फडक्यात गुंडाळलेले. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "ह्ये इकायचं हाय का वो?" की श्रीपालचं टाळकं सरकलंच म्हणून समजा. "पावणं, तुमचा रेडिओ झालाय, तेवढा घ्या आणि सुटा," एवढं बोलून तो पुन्हा भिंग डोळ्याला लावायचा. अहो, तुसडा नव्हता तो. पण ज्याला आपण जीव लावलाय त्याचा भाव कुणी विचारला तर कुणाला राग येणार नाही?

मूळचा हुपरीचा. तिथं घरटी चांदीचं काम. बाप पैंजण घडवायचा, आई घुंगरांना डाख द्यायची, म्हणजे दोन बारीक तुकडे चांदीनंच जोडून घ्यायची. श्रीपालचा हात लहानपणापासून त्यातच बसलेला. पण पोराला खोड एक वाईट. तयार झालेला पैंजण बघून दुसरी पोरं म्हणायची छान झालाय, आणि हा म्हणायचा, ह्यो वाजतोय कसा? मग घुंगरू फोडून बघायचा. बापानं दोन-चारदा पाठ शेकली आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "बाबा, तू कोल्हापूरला जा आणि रेडिओ फोड." असा तो कोल्हापूरला आला, रेडिओचं काम शिकला, लग्न केलं, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत संसार थाटला.

बायको रोहिणी बोलायला फटकळ, पण मनानं सरळ. सासरी आल्यावर तिला वाटलं होतं, नवरा दुरुस्तीवाला आहे, घरातली वस्तू तरी धड राहील. कसलं काय! मिक्सरसुद्धा त्यानं दोनदा खोलला होता, आणि दोन्ही वेळा तो बिघडलेला नव्हता.

जुन्या कॉम्प्युटरचा नाद लागला तो ब्याण्णव साली. पिराजी म्हणून एक भंगारवाला हातगाडी घेऊन बोळात आला. गाडीवर कुठल्यातरी शाळेनं माळ्यावरून काढून टाकलेली इंग्लंडची यंत्रं होती. नुसता जाडजूड कीबोर्ड, पडदा नाही, काही नाही. श्रीपालनं त्यातलं एक उचलून कानाजवळ हलवलं.

"ह्ये काय हाय रं पिराजी?"

"मला काय म्हाईत? पण आत तांबं हाय."

"तांबं तुला. ह्ये मला."

श्रीपालनं ते धुतलं, पुसलं, आतला फुगलेला कंडेन्सर बदलला आणि आपल्याच टीव्हीला जोडलं. टीव्हीवर दोन ओळी इंग्रजी आल्या आणि खाली एक बारीक रेघ लुकलुकायला लागली. म्हणजे यंत्र वाट बघत होतं. कशाची? श्रीपालला काही सुचेना. त्यानं एकेक अक्षर शोधून आपलं नाव टाकलं आणि मोठं बटण दाबलं. यंत्रानं तात्काळ उत्तर दिलं: 'मिस्टेक'.

रोहिणी मागं उभीच होती. "बघा," ती म्हणाली, "मला कळायला सहा म्हयने लागलं, मशिनीला लगीच कळलं."

पण श्रीपाल कसला हसतोय! यंत्र आपल्याशी बोललं, आणि आपण काय चुकलो ते मात्र सांगेना, ह्यानंच तो झपाटला. पुढची कितीतरी वर्षं तो ते शोधत राहिला. शाळांचे माळे, इचलकरंजीच्या कारखानदारांच्या पोरांनी टाकून दिलेली खेळण्याची यंत्रं, आखातातून आलेल्या कुणाच्या ट्रंकेत पडून राहिलेलं एखादं. जिथं मिळेल तिथनं आणायचा आणि जिवंत करायचा. विकायचा नाही. जिवंत झालं की महिनाभर त्याच्याशी खेळायचा आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचा.

सिंथेसायझर त्याच्याकडं आले ते ऑर्केस्ट्राचा धंदा बसल्यावर. एके काळी ह्या भागात गणपतीत, उरुसात, लग्नात ऑर्केस्ट्राशिवाय पान हलत नव्हतं. मग भिंतीएवढे स्पीकर लावणारे डीजे आले आणि वाजवणाऱ्यांचं काम गेलं. वाद्यं माळ्यावर गेली, उंदरांनी वायरी खाल्ल्या. लोक बिचारे वाद्य घेऊन यायचे आणि म्हणायचे, "टाकवत न्हाई वो." श्रीपाल ठेवून घ्यायचा. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विजेचा आवाज कसा होतो, जाड आवाजाला चाळणी लावून बारीक कसा करतात, थरथर कुठनं आणतात, ह्याचं त्याला भारी कुतूहल. ऑर्केस्ट्रावाले वर्षानुवर्षं वाजवायचे आणि श्रीपाल त्यांना विचारायचा, "पण आत काय होतंय, कधी बघितलंत का?" ते म्हणायचे, "आत बघून काय करायचं?" ह्या उत्तराचं त्याला खरोखर नवल वाटायचं.

दोन हजार सहाचं नवरात्र. लोडशेडिंगचे दिवस ते. त्या वेळी इचलकरंजीहून गंगव्वा आली. उंच बाई, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, काखेत इरकल लुगड्यात बांधलेलं लांबलचक गाठोडं. रिक्षावाल्याला तिनं गाठोड्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. नवरा रामलिंग मागच्या साली गेला. दिवसा मागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवणारा. पोरंबाळं नाहीत. त्याची जपानी पेटी तेवढी राहिली होती. सिंथेसायझरला ती पेटीच म्हणायची. आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या त्या भागातल्या कितीतरी बायका बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची.

"अण्णा, निम्म्या पट्ट्या वाजत न्हाईत," ती म्हणाली. "न्हाई वाजल्या तर न्हाई वाजल्या. पण ह्यो एक आवाज हाय. त्यो तेवढा जाऊ देऊ नका. बाकी काय न्हाई बघा माझ्याकडं त्यांचं."

तिनं एक बटण दाबलं. त्याच्यावर रामलिंगनं लाल नखरंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. मग एक पट्टी दाबली. श्रीपालचा हात जागच्या जागी थांबला. सनई म्हणावी तर सनई नाही, बासरी म्हणावी तर तीही नाही. तोंड मिटून कुणी आत गुणगुणावं तसा, थोडा नाकातला, उबदार आवाज. आणि त्यात थोड्या थोड्या वेळानं दोन बारीक हिसके.

"ह्यो कुणी केला?"

"त्यांनीच. पेटीत नव्हता, त्यांनी घातला. इचलकरंजीत लोकं वरडायची, रामलिंग, त्यो लावा की! मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो."

ह्या पेटीची गंमत अशी, की माणसानं केलेला आवाज ती आपल्या स्मरणात ठेवायची, आणि ते स्मरण टिकायचं आतल्या एका छोट्या बॅटरीवर. बॅटरी मेली की आवाज गेला. आणि आवाज कसा केलाय ते वरून बघून कळायचं नाही. आवाज कमी-जास्त करायच्या वरच्या सरकपट्ट्या कुठंही असू देत, आत साठलेला आवाज वेगळाच. श्रीपालला हे पाठ होतं. खरं तर आधी टेप लावून आवाज धरून ठेवायचा, मग पेटी खोलायची. कुणालाही सुचलं असतं. पण ह्याला आत बघायची घाई झाली. गंगव्वाची पाठ वळली, तसा त्यानं पेटी चालू ठेवूनच पत्रा उचलला. बॅटरी पाझरून हिरवीगार झालेली. स्वच्छ करावी म्हणून त्यानं ब्रशनं नुसतं हलवलं, आणि तिचा पाय तुटून हातात आला.

पेटी चालू होती म्हणून आवाज वाचला. पण आता तो फक्त बाहेरच्या विजेवर. पेटी क्षणभर बंद झाली तरी संपलं. श्रीपालला घाम फुटला. पेटी नशिबानं इन्व्हर्टरच्याच लायनीवर होती, पण लोडशेडिंगचा काय भरवसा, म्हणून त्यानं धावत जाऊन शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरीही जोडीला मागून आणली. हुश्श करून मागं वळतोय तर टेबल मोकळं. सोल्डरिंग आयर्न नाही, चिमटा नाही, मीटर नाही, टेपरेकॉर्डरसुद्धा नाही.

"रोहिणी, माझी हत्यारं?"

"पुसून पाटावर मांडल्यात. उद्या खंडेनवमी. इसरलासा व्हय?"

अकिवाटे जैन खरे, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची नाहीत असं घर हुपरीत शोधून सापडलं नसतं. पाटावर मांडलेलं हत्यार मग दसऱ्यालाच उचलायचं. बापानं चांदीच्या ऐरणीला त्या दिवशी कधी हात लावला नव्हता. श्रीपालनं मनाशी म्हटलं, एक दिवसाचाच तर प्रश्न. वीज आहे, इन्व्हर्टर आहे, ट्रॅक्टरची बॅटरी आहे. परवा दसऱ्याला मुहूर्तावर डाख देऊ. पेटीचा तांबडा दिवा लुकलुक न करता स्वच्छ जळत होता. तो बघून त्याला जरा धीर आला.

खंडेनवमीला सकाळीच गंगव्वा दारात हजर. हातात झेंडूचा हार, नारळ आणि विभूतीची पुडी.

"दर वर्साला मीच पुजतो ह्या पेटीला," ती म्हणाली. "औंदा ती इथं हाय, म्हणून इथंच आलो."

श्रीपालला किती बरं वाटलं! तो "बसा अव्वा" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेला. रोहिणी ताट करत होती. आत काही वेळ गेला असेल नसेल.

गंगव्वानं पेटीवरचं फडकं काढलं आणि बघते तर तांबडा दिवा चालू. तिचा जीव कळवळला. आजच्या दिवशी? इचलकरंजीत खंडेनवमीला मागसुद्धा गप्प असतात. रामलिंग तर आदल्या रात्रीच पेटी बंद करायचा आणि म्हणायचा, आज हिची सुट्टी. तिला वाटलं, बिचारा कामाचा माणूस, विसरला असेल. तिनं अलगद बटण दाबून पेटी बंद केली. मग तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, हार घातला आणि हात जोडले.

श्रीपाल तांब्या घेऊन बाहेर आला आणि त्यानं दिवा बघितला. म्हणजे, बघितला नाही; तो विझलेला होता.

वीज गेली तर काय, वायर तुटली तर काय, उंदीर आला तर काय, सगळ्याचा बंदोबस्त त्यानं केला होता. देवाच्या पाया पडायला आलेल्या बाईचा बंदोबस्त कोण करणार, सांगा!

त्यानं तांब्या तिथंच ठेवला आणि पेटी चालू केली. नखरंगाचं बटण दाबलं. पट्टी दाबली. पेटीतनं एक कोरडी पिपाणी वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा पिपाणी.

"ह्यो न्हाय त्यो," गंगव्वा म्हणाली. "ठिपक्याचं बटण दाबा की."

"ठिपक्याचंच हाय, अव्वा."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिनं पेटीकडं बघितलं, श्रीपालकडं बघितलं, मग स्वतःच्या विभूती लागलेल्या बोटाकडं बघितलं. "मी बंद केलो म्हणून?"

खोटं बोलायचं श्रीपालच्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं खरंच सांगितलं, सगळं. "चूक माझी हाय. काल बॅटरीचा पाय माझ्या हातनं तुटला. आधी आवाज टेपवर घ्यायचा सोडून मी आत डोकावत बसलो. आणि आज तुम्ही केलंसा ते बरोबरच केलंसा. आज यंत्र बंदच ठेवायचं असतंय."

गंगव्वा खुर्चीवर बसली. रोहिणीनं चहा पुढं केला, तो तसाच गार झाला. उठताना ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांदा गेल्यागत झालं बघा." श्रीपालला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दसऱ्याला त्यानं नवी बॅटरी बसवली, पट्ट्यांखालचे संपर्क साफ केले. पेटी अगदी नव्यासारखी झाली, आणि त्याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही. मग त्यानं निरोप धाडला: अव्वा, या. तुमच्या कानात आवाज आहे, माझ्याकडं पेटी आहे. दोघं मिळून शोधू.

ती आली. नंतर येतच राहिली, दर सोमवारी, इचलकरंजीच्या गाडीनं. ऑर्केस्ट्राच्या जुन्या कॅसेटी आणल्या, पण त्यात गाणाऱ्याच्या बोंबलण्याखाली पेटी कुठं ऐकूच येत नव्हती. श्रीपाल सरकपट्ट्या हलवायचा, ती डोळे मिटून ऐकायची आणि तोंडावर सांगायची.

"न्हाय. ह्यो मांजराचा हाय."

"आता?"

"आता सर्दी झाल्यावानी."

"आता बघा."

"बरा हाय. पण न्हाय. आणि त्यो हिसका कुठं हाय?"

हिसका! तोच तर श्रीपालला छळत होता. थरथर आणणं सोपं, पेटीतच सोय असते. पण ती एकसारखी असते. रामलिंगचा हिसका तसा नव्हता. दोनदा पटपट, मग जरा थांबून. असं वेडंवाकडं कुणी का करेल? कुठल्या वाद्यात असं असतं? त्यानं सनईवाल्याला विचारलं, हलगीवाल्याला विचारलं, देवळातल्या भजनकऱ्यांना विचारलं. कुणालाच सांगता येईना. जेवताना त्याचं बोट ताटाच्या कडेवर तोच ताल धरायचं, आणि रोहिणी म्हणायची, "आवो, जेवा तरी."

दिवाळी होऊन गेली. एका सोमवारी दोघंही वैतागले. "अण्णा, बास," गंगव्वा म्हणाली. "माझं कान किटलं. मी आत जाऊन रोहिणीला मदत करतो." ती आत गेली. श्रीपालनं पेटी बंद केली आणि डोकं धरून बसला.

आणि त्याला तो आवाज आला.

त्यानं दचकून पेटीकडं बघितलं. दिवा बंद. वायर ओढून बघितली, ती भिंतीतनं निघालेली. तरी आवाज येतोच आहे. मिटल्या तोंडाचा, नाकातला, उबदार. आणि त्यात हिसका, दोनदा पटपट, मग जरा थांबून. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. चप्पल न घालताच तो उठला आणि आवाजाच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

गंगव्वा परातीपुढं बसून भाकरी थापत होती. दोन थापा पटपट, मग पीठ फिरवायला जरा थांबायचं, पुन्हा दोन. आणि तोंड मिटून आपल्या नादात काहीतरी गुणगुणत होती. हाताच्या थापेबरोबर तो सूर हिसकत होता. श्रीपाल दिसला तशी ती गप्प झाली.

"थांबू नका, अव्वा! तसंच चालू द्या, तसंच!"

गंगव्वा हसली. "या बाई! ते बी असंच म्हणायचे. पेटी घेऊन सैपाकघराच्या दारात बसायचे आणि म्हणायचे, गंगा, थांबू नको, थाप तू. आणि पेटीवर काय काय फिरवत बसायचे. मी म्हणायचो, तिकडं शेडात वाजवा जावा, माझ्या भाकरीत काय हाय?"

रोहिणीनं नवऱ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. श्रीपाल तडक दुकानात गेला. त्यानं पेटी उचलून आणली, दाराच्या उंबऱ्यातच मांडली, वायर लावली. ती थापत होती आणि तो सरकपट्ट्या हलवत होता. त्याला आता कुणाला विचारायची गरज नव्हती. सूर थोडा जाड केला, वरची धार कापली, नाकातलं थोडं वाढवलं. थरथर एकसारखी सोडून तिच्या हाताप्रमाणं बोटानंच दिली, दोनदा पटपट, मग जरा थांबून. पेटी आणि बाई एकाच सुरात आल्या. कुठली कुठली ते क्षणभर रोहिणीलाही सांगता येईना.

गंगव्वाचा हात परातीत थांबला. "ह्योच! अण्णा, ह्योच की त्यो! घावला!" ती आनंदानं ओरडली. आणि ओरडता ओरडताच तिचा चेहरा बदलला. ती गप्प झाली, पण पेटी वाजतच होती. तिनं एकदा पेटीकडं कान दिला, एकदा स्वतःच्या गळ्यावर पिठाचा हात ठेवला, आणि अगदी हळू गुणगुणून बघितलं.

"ह्यो माझा हाय?"

श्रीपालनं मान डोलावली.

"लोकं वन्समोअर म्हणायची. मी मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायचो. म्हणायचो, काय आवाज काढलाय माझ्या मालकानं!" तिचे डोळे भरून आले आणि आवाजाला रागाची धार आली. ती पेटीकडं वळली. पेटीशीच बोलली. "आवो, एकदा तरी सांगायचं की मला!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती काढायला रोहिणी उठली नाही, आणि श्रीपालनंही पट्टीवरचं बोट उचललं नाही.